खोटी शिकवण कोणती आणि निव्वळ मतभेद कोणता? नवापूर तालुक्यातील एका मंडळीचा प्रश्न

प्रश्न : नवापूरचा विश्वासी

सर्व बंधुभगिनींना जय ख्रिस्त.

आमची मंडळी नवापूर तालुक्यातील एका गावात आहे. बहुतेक कुटुंबे मावची या आदिवासी समाजातील असून उपासना मराठीत होते आणि भजने पुष्कळशी मावचीत गायिली जातात. गेल्या उन्हाळ्यात बाहेरून आलेल्या एका प्रचारकाने गावाजवळच्या शेतात मांडव घालून सभा घेतल्या. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने दिलेला बाप्तिस्मा देवाला मान्य नाही, तो केवळ येशूच्या नावाने पुन्हा घेतला पाहिजे, असे त्याने शिकवले. आणि प्रार्थना करूनही ज्याचा आजार जात नाही, त्याच्या घरात अविश्वास किंवा लपवलेले पाप आहे, असेही सांगितले. काही कुटुंबांनी त्याच्याकडून नदीत पुन्हा बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर आमच्या वडीलमंडळाने (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांनी) भर उपासनेत त्या प्रचारकाला खोटा संदेष्टा ठरवले आणि त्या कुटुंबांना प्रभुभोजनापासून, म्हणजे भाकर व द्राक्षारसाच्या विधीपासून, दूर ठेवले.

माझी अडचण अशी की, याच वडीलमंडळाने यापूर्वी लग्नात ढोल वाजवण्याला, अन्य भाषांत (आत्म्याच्या प्रेरणेने, न शिकलेल्या भाषेत) प्रार्थना करण्याला आणि कॅथलिक नातेवाइकांच्या मिस्साला, म्हणजे त्यांच्या उपासनेला, जाण्यालाही ‘खोटी शिकवण’ हाच शब्द लावला होता. त्यामुळे तरुण म्हणतात की, वडिलांना न आवडणारी प्रत्येक गोष्ट खोटीच ठरते, मग या वेळी तरी त्यांचे का ऐकावे? हा आरोप कोणत्या मापाने करावा, हे जाणकारांनी कृपया शास्त्राच्या आधारे सांगावे.

उत्तर १ : सेवानिवृत्त पाळक, अमळनेर

प्रिय बंधू, सलाम. तुमच्या तरुणांची तक्रार मला गंभीर वाटते, कारण ज्या मंडळीत ढोल आणि त्र्यैक्याचा (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीचा) नकार यांना एकच नाव दिले जाते, त्या मंडळीला खरा धोका आला तेव्हा सांगायला वेगळा शब्द उरत नाही.

नव्या करारात ही भाषा थोड्याच ठिकाणी, पण फार कठोरपणे आली आहे. योहानाच्या पहिल्या पत्राच्या 4 थ्या अध्यायात आत्म्यांची परीक्षा येशू ख्रिस्त देहाने आला हे कबूल करण्यावर ठेवली आहे, तर गलतीकरांस पत्राच्या 1 ल्या अध्यायात प्रेषित पौल वेगळे शुभवर्तमान सांगणाऱ्याला, तो स्वर्गातील दूत असला तरी, शापित ठरवतो. उलट रोमकरांस पत्राच्या 14 व्या अध्यायात खाणेपिणे आणि सणवार यांवरून एकमेकांना दोषी ठरवू नका, असे तोच पौल सांगतो. म्हणजे ख्रिस्त कोण आहे आणि माणसाचे तारण कशाने होते, या दोन प्रश्नांवर जो घाला घालतो त्याच्यासाठी हा शब्द राखून ठेवलेला आहे. आरियस नावाच्या पाळकाने पुत्राला निर्माण केलेला मानले, म्हणून 325 साली नायसिया येथील धर्मसभेत त्याची शिकवण नाकारली गेली. 1529 साली मारबुर्ग येथे ल्यूथर आणि झ्विंग्ली या प्रोटेस्टंट सुधारकांचे 15 पैकी 14 कलमांवर एकमत झाले, पण प्रभुभोजनात ख्रिस्त कसा उपस्थित असतो यावर ते दुरावले आणि त्या दुराव्याचे ओझे प्रोटेस्टंट मंडळ्या अजून वाहत आहेत. पहिला निर्णय आवश्यक होता. दुसऱ्या प्रसंगी बंधुभाव का टिकवता आला नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

बाप्तिस्म्याच्या पद्धतीवरील वाद या दुसऱ्या वर्गातला आहे. 1970 साली नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा अर्भकांना बाप्तिस्मा देणाऱ्या अँग्लिकन परंपरेच्या मंडळ्या आणि केवळ विश्वास कबूल करणाऱ्यांनाच तो देणाऱ्या बॅप्टिस्ट मंडळ्या एकाच छताखाली आल्या आणि दोन्ही रीती मान्य झाल्या. मात्र ‘केवळ येशूच्या नावाने’ असे म्हणणाऱ्यांना आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. प्रेषितांची कृत्ये 2:38 मधील ‘येशू ख्रिस्ताच्या नावाने’ हे शब्द वापरण्यापुरताच त्यांचा आग्रह आहे, की पिता, पुत्र व आत्मा असा भेदच नाही, ही एकाच व्यक्तीची तीन रूपे आहेत, असे त्यांचे मत आहे? अमेरिकेतील असेम्ब्लीज ऑफ गॉड या पेंटेकोस्टल मंडळीत हाच वाद पेटला, तेव्हा 1916 साली तिने त्र्यैक्याचे स्पष्ट कबुलीपत्र स्वीकारले आणि अनेक पाळक बाहेर पडले. तुमच्या प्रचारकाने नेमके काय शिकवले हे त्याला विचारल्याशिवाय त्याच्यावर शिक्का मारू नये.

अन्य भाषा आणि आरोग्यासाठी प्रार्थना यांबद्दल आपल्या भागातील जुन्या मंडळ्यांनी स्वतःचा इतिहास आठवावा. भुसावळ-जळगाव पट्ट्यात काम केलेल्या अलायन्स मिशनचे संस्थापक ए. बी. सिम्पसन हे ख्रिस्ताला तारणारा, पवित्र करणारा, आरोग्यदाता आणि येणारा राजा असे चार प्रकारे घोषित करत असत. 1905 साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, पंडिता रमाबाईंच्या देखरेखीखाली, जे जागरण झाले त्याच्या वृत्तांतांत अन्य भाषांचेही उल्लेख आहेत. ज्यांच्या श्रमातून आपल्याला शास्त्र मिळाले त्यांनाच आपण नकळत खोटे ठरवत आहोत काय, हे वडीलमंडळाने तपासावे.

उत्तर २ : धुळ्याचा वाचक

पाळकसाहेबांचा आदर राखून एक हरकत नोंदवतो. पौलाने गलतीकरांस पत्रात ज्यांना शापित ठरवले ती गलतीयातील माणसे ख्रिस्ताचे देवत्व नाकारत नव्हती. ती फक्त सुंतेचा आग्रह धरत होती, म्हणजे वरवर पाहता एका रीतीचाच. तरीही पौलाने आपले सर्वांत कठोर शब्द तिथेच वापरले, कारण ती रीत तारणाची अट बनवली गेली होती. त्यामुळे बाप्तिस्म्याच्या पद्धतीला सरळ दुसऱ्या वर्गात टाकणे मला पटत नाही. ‘माझ्या हातून पुन्हा बाप्तिस्मा घेतल्याशिवाय तुझे तारण नाही’ असे कोणी म्हणत असेल, तर त्याचे त्र्यैक्याविषयीचे मत शुद्ध असले तरी तो ख्रिस्ताच्या कार्याला आपली भर घालतो आहे. विषय लहान की मोठा हे त्याच्या नावावरून ठरवू नये. त्याला तारणाच्या दारात आडवे घातले आहे की नाही, यावरून ठरवावे. आणि हेच माप ढोलावर बंदी घालणाऱ्या वडीलमंडळालाही लागू होते, कारण ढोल वाजवणाऱ्याचे तारण नाही असे जर ते शिकवत असतील, तर तीच चूक तेही करत आहेत.

उत्तर ३ : परिचारिका, नंदुरबार जिल्हा

मी धर्मशास्त्र शिकलेली नाही, तरी प्रश्नातील आजारपणाच्या मुद्द्यावर इथे जवळजवळ कोणी बोललेच नाही म्हणून लिहिते. आपल्या जिल्ह्यातील आदिवासी कुटुंबांत सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. हा आजार आईवडील दोघांकडून रक्तातून येतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता 25 टक्के असते. त्यात ना मुलाचा दोष असतो, ना आईचा. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या नियमित घेतल्या तर वेदनेचे झटके कमी होतात आणि त्या मध्येच बंद केल्या तर ते पुन्हा वाढू शकतात. ज्या सभेत विश्वासाचा पुरावा म्हणून गोळ्या टाकून द्यायला सांगितले जाते आणि नंतर मूल तळमळू लागले की आईच्या पापाचा शोध सुरू होतो, त्या सभेतील शिकवण नायसियाच्या कबुलीला धरून असली तरी तिला खोटी म्हणायला मी कचरणार नाही.

याकोबाच्या पत्राच्या 5 व्या अध्यायात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असे आहे. औषध टाकावे, असे तिथे नाही. पौलाने आपला सहकारी त्रफिम याला मिलेत येथे आजारी ठेवले आणि दुसरा सहकारी तीमथ्य याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले. या दोघांच्या अविश्वासाची त्याने कुठेही चौकशी केलेली नाही. जन्मांध माणसाविषयी पाप कोणाचे, असे शिष्यांनी विचारले तेव्हा प्रभूने तो प्रश्नच अमान्य केला. आमच्या वॉर्डात मी स्वतः रुग्णांसाठी प्रार्थना करते आणि त्यांना गोळ्याही देते. या दोन्हींत मला कधी विरोध जाणवला नाही.

उत्तर ४ : भुसावळची कॅथलिक वाचक

मिस्साचा उल्लेख आला म्हणून थोडेसे लिहिते. आमच्या 1983 च्या धर्मविधीसंहितेतील 751 व्या नियमानुसार, बाप्तिस्मा घेतल्यानंतर श्रद्धेने मानायलाच हवे असे सत्य हट्टाने नाकारणे म्हणजे पाखंड. त्यातला हट्ट महत्त्वाचा आहे. ज्याला कोणी नीट समजावलेच नाही तो चुकलेला असू शकतो, पण पाखंडी नव्हे. शिवाय पाण्याने आणि त्र्यैक्याच्या नावाने झालेला बाप्तिस्मा, तो कोणत्याही मंडळीत झालेला असो, आम्ही पुन्हा देत नाही. बाप्तिस्मा देणाऱ्याच्या योग्यतेवर त्याची वैधता अवलंबून नाही, हे संत ऑगस्टीनने दोनातवाद्यांना (अयोग्य धर्मगुरूने दिलेला बाप्तिस्मा न मानणाऱ्या पंथाला) उत्तर देताना विस्ताराने मांडले आहे. तुमच्या गावातील ज्या कुटुंबांना पहिला बाप्तिस्मा वाया गेल्याची भीती घालण्यात आली, त्यांना हे कळले तर मोठा दिलासा मिळेल, असे मला वाटते.

पुन्हा प्रश्नकर्ता : नवापूरचा विश्वासी

सर्वांचे मनापासून आभार. परिचारिका ताईंनी लिहिले तसे आमच्याकडेही घडले आहे. एका घरात गोळ्या बंद झाल्या होत्या आणि नंतर मुलीला दवाखान्यात हलवावे लागले. प्रार्थनेसाठी पैसेही घेतले गेले. पुढच्या बैठकीत मला वडीलमंडळापुढे बोलायचे आहे. प्रभुभोजनापासून दूर ठेवलेल्या कुटुंबांबद्दल काय मागणी करावी?

उत्तर ५ : सेवानिवृत्त पाळक, अमळनेर

धुळ्याच्या बंधूंची हरकत मला मान्य आहे. तारणाची अट बनवलेली रीत ही केवळ रीत राहत नाही.

पैशांविषयी, ‘दिदाखे’ या अतिप्राचीन ख्रिस्ती ग्रंथात स्पष्ट सूचना आहे की, आत्म्याच्या नावाने स्वतःसाठी पैसे मागणाऱ्याचे ऐकू नये, मात्र गरजूंसाठी मागत असेल तर त्याला दोष देऊ नये. हे वडीलमंडळाला वाचून दाखवा.

कुटुंबांबद्दल माझे मत असे की, शिकवणारा आणि शिकवणीला भुललेला यांना एकच शिस्त लावता येत नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातील प्रचारक अपुल्लो याला अपुरे ज्ञान होते, तेव्हा प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला जवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक स्पष्ट करून सांगितला. वडिलांपैकी दोघांनी प्रत्येक घरी जावे आणि येशू कोण आहे व आपले तारण कशाने झाले, एवढेच विचारावे. उत्तर सरळ आले तर त्याच रविवारी त्यांना प्रभुभोजनाला बोलवावे. दुसऱ्या बाप्तिस्म्याबद्दल जाहीर माफी मागायला लावू नये. ज्या घरात गोळ्या बंद झाल्या होत्या तिथे मात्र सर्वांत आधी जा, आणि जाताना शक्य असेल तर आरोग्य केंद्रातील कोणाला तरी सोबत घ्या.