आजोबा इटलीत नेमके कुठे लढले, हे कसे शोधावे?

प्रश्न

माझे आजोबा मराठा पलटणीत शिपाई होते आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेले होते, एवढेच आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. आम्ही मूळचे सातारा जिल्ह्यातले. युद्धाविषयी विचारले की ‘बर्फ लई होता’ एवढेच सांगून ते तंबाखू मळायला घेत. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत सहा टोकांच्या पिवळ्या धातूच्या दोन चांदण्या आणि एक गोल पदक मिळाले. डिस्चार्जचे कागद मात्र वाळवीने खाल्ले. आजी दर दसऱ्याला ही पदके पूजेत मांडत असे आणि त्याआधी चिंचेने लख्ख घाशीत असे, त्यामुळे त्यांच्या फिती केव्हाच गेल्या. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत त्यांचे नाव सापडत नाही. त्यांची बटालियन कशी कळेल?

पहिले उत्तर

आयोगाच्या नोंदी युद्धात मृत्यू पावलेल्यांच्या आहेत, आणि आपले आजोबा तर परत आले, म्हणून तेथे त्यांचे नाव नाही. जो परतला नाही त्याचे नाव, बापाचे नाव, पुष्कळदा गावसुद्धा नोंदलेले मिळते. जो परतला त्याचा शोध मात्र घरच्या ट्रंकेपासूनच सुरू करावा लागतो. फिती नसल्या तरी हरकत नाही, कारण चांदणीच्या मधल्या वर्तुळावर तिचे नाव इंग्रजीत उठवलेले असते. एक ‘आफ्रिका स्टार’ आणि दुसरी ‘इटली स्टार’ निघाली, तर मी प्रथम तिसऱ्या बटालियनचा विचार करीन. ती १९४१ मध्ये एरिट्रियातील केरेनच्या लढाईत होती आणि १९४४ मध्ये इटलीत उतरली. नाईक यशवंत घाडगे याच बटालियनचे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात ते पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. त्यांची समाधी सापडलेली नसल्याने त्यांचे नाव कसिनोच्या स्मारकावर कोरले आहे.

दुसरे उत्तर

वरील मत मला पटते, पण एक सावधगिरी सुचवतो. ‘इटलीत होतो’ याचा अर्थ ‘इटलीत लढलो’ असाच होतो असे नाही. मराठ्यांची दुसरी बटालियन जून १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेतील (लिबियातील) तोब्रुक पडल्यावर शत्रूच्या हाती लागली आणि त्या वेळी पकडलेल्या अनेक हिंदी सैनिकांना इटलीतील छावण्यांत ठेवले गेले. नुसत्या कैदेसाठी इटली स्टार मिळत नसे, तेव्हा दुसरी चांदणी कोणती आहे यावर पुष्कळ काही ठरेल. माझ्या चुलत आजोबांच्या बाबतीत आमच्या घराने चाळीस वर्षे हीच गल्लत केली होती.

तिसरे उत्तर

कृपया यापुढे पदके घासू नका. हिंदी सैनिकांच्या पदकांवर बहुधा क्रमांक, हुद्दा, नाव आणि रेजिमेंट ठोकलेली असते. गोल पदकाची कड आणि चांदण्यांची मागची बाजू तिरप्या उजेडात भिंगाने पाहा. फौजी कारकुनाने आडनाव ऐकू आले तसे रोमन लिपीत लिहिलेले असते, म्हणून दोन-तीन वेगवेगळी स्पेलिंगे धरून वाचा. क्रमांक हाती आला की बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या अभिलेख कार्यालयाला लिहिता येईल. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्जाचा मजकूर नीट करून मिळतो, असा माझा अनुभव आहे.

प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचा आभारी आहे. काल रात्री विजेरी आणि आईचे भिंग घेऊन बसलो. एक चांदणी आफ्रिकेची आहे, दुसरी इटलीची. गोल पदकाच्या कडेवर क्रमांक पूर्ण वाचता येतो, त्यापुढे आजोबांचे नाव आणि ‘मराठा एल. आय.’ अशी अक्षरे आहेत. आडनावाची शेवटची दोन अक्षरे तेवढी आजीच्या चिंचेने नेली.