दुखतच नाही तर फायब्रोमायल्जिया कसा?
ताईंच्या प्रश्नावर वरच्या उत्तरात म्हटलंय की दुखत नसलं, नुसता थकवा आणि विस्कटलेली झोप असली तरी फायब्रोमायल्जिया (अंगभर दीर्घकाळ दुखत राहण्याचा आजार) म्हणता येतं, हे मला पटत नाही. त्याच्या निदानाच्या २०१६ च्या निकषांत शरीराच्या ५ भागांपैकी किमान ४ भागांत दुखणं, तेही ३ महिने तरी, ही अटच आहे.

इथे सांगलीत माझ्या वहिनीच्या फाईलवर फायब्रोमायल्जियाच लिहिलेलं, ती बिचारी दरवेळी सांगायची की डॉक्टर, दुखत काहीच नाही हो, जिना चढला की धाप लागते, बसल्या जागी डोळे मिटतात. मिरजेच्या दुसऱ्या डॉक्टरांनी आधी खालची पापणी ओढून बघितली, पांढरीफटक, मग हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी१२ जीवनसत्त्व, या रक्ततपासण्या करायला लावल्या तर लोह पार तळाला गेलेलं. ताई, तुम्हीही फायब्रोमायल्जियाच्या गोळ्या सुरू करायच्या आधी एवढ्या तपासण्या मागून घ्याच, आणि 'दुखत नाही' हे केसपेपरवर लिहायला लावा.