भिंतीतल्या फिश टँकसकट फ्लॅट विकायचाय. टँक ठेवू की काढू?

चित्रा_कर्वेनगर

नमस्कार मंडळी. कर्वेनगरमधला आमचा तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके विकायला काढलाय. लेक नाशिकला असते, आता आम्हा दोघांनाही तिच्याजवळ राहायचंय. अडचण एकच आहे. हॉल आणि डायनिंगच्या मधल्या भिंतीत फिश टँक बसवलेला आहे. २०११ मध्ये घराचं काम काढलं तेव्हा यांनी हौसेनं करून घेतला. पाच फूट लांब, दोन फूट उंच, दीड फूट रुंद. हॉलमधून नुसती काच दिसते. डायनिंगकडे प्लायचं कपाट आहे, वरचं दार उघडून खाणं घालायचं, खालच्या दारामागे फिल्टर.

एजंट म्हणतो, पाडून टाका, प्लॅस्टर करून रंग मारा, पार्टीला साधी भिंतच आवडते. पण परवा बघायला आलेल्या जोडप्याचा मुलगा काचेला नाक लावून बसला तो उठेचना. त्याच्या आजीनं मात्र आधी भिंतीला हात लावून पाहिला आणि ओल येते का ते विचारलं. येत नाही, पण सांगून पटतं थोडंच?

एंजल आणि टेट्रा कुणालाही देता येतील. चार क्लाऊन लोच मात्र पहिल्या वर्षापासूनचे आहेत, वीतभर झालेत. हे रोज संध्याकाळी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसतात. त्यांना अनोळखी घरात सोडून जायला माझा जीव होत नाही. टँक ठेवला तर करारात काय लिहायचं तेही सांगा.

चावी_जुडगा

ताई, मी पुण्यातच घरांचे व्यवहार करतो. विकण्याआधी पाडू नका. पाडलेल्या जागेचं प्लॅस्टर कितीही चांगलं केलं तरी नवा रंग जुन्या रंगाशी जुळत नाही, मग अख्खी भिंत रंगवा, मग शेजारची जुनाट दिसायला लागते. आणि घेणारा आल्यावर तीच भिंत टीव्हीसाठी पुन्हा फोडतो.

टाकी ठेवा, पण चालू ठेवा. पाणी नितळ, दिवा लागलेला, काच पुसलेली. रिकाम्या टाकीकडे बघून गिऱ्हाईक लगेच काढायचा खर्च मोजायला लागतं. टाकीचे जास्तीचे पैसे मात्र मागू नका. बँकेचा व्हॅल्युअर तिची किंमत धरत नाही. गवंड्याकडून भिंत बुजवायचा अंदाज आधीच लिहून घ्या आणि पार्टीला सांगा की नको असेल तर ताबा द्यायच्या आत आमच्या खर्चानं बुजवून देतो. घासाघीस तिथंच थांबते.

विटा_वाळू_पाणी

मी सिव्हिल इंजिनिअर आहे आणि घरात टाक्याही आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तो एजंट पाडा म्हणतो ते ऐकू नका, पण त्या आजीबाईंचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. घेणाऱ्याच्या मनात खरी भीती तीच असते.

आधी वजन. तुमच्या मापाच्या टाकीत काठोकाठ सव्वाचारशे लिटर पाणी मावतं, म्हणजे सव्वाचारशे किलो. बारा एमएमची काच असेल तर ती नव्वद-पंच्याण्णव किलो, शिवाय खडी. साडेपाचशे किलो धरा. राहत्या घराच्या स्लॅबवर आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण २०० किलोचा वापरता भार (माणसं, सामान) धरलेला असतो आणि तुमची टाकी पाऊण चौरस मीटरसुद्धा जागा व्यापत नाही. म्हणजे तेवढ्या जागेवर भार त्याहून बराच जास्त पडतो. ऐकून घाबरू नका. टाकी बीमवर किंवा बीमला लागून असेल तर वजन बीमवर जातं. खालच्या मजल्यावरच्यांकडे चहाला जा आणि नेमकं त्याच जागी छताकडे बघा. बीम दिसला, तडे नसले, तर फोटो काढून ठेवा. बीम नसेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून त्याचं मत लेखी घ्या. घेणाऱ्यासमोर तो कागद ठेवला की बोलणं संपतं.

मग ओल. खालचं दार उघडून टाकीखालच्या कडप्प्याच्या मागच्या कडेवरून कोरडा टिश्यू फिरवा. पांढरा क्षार लागला तर सांध्यातून पाणी पाझरतंय. प्लायची खालची कड नखानं दाबून बघा, फुगली असेल तर तेच. २०११ची टाकी आहे, म्हणजे सिलिकॉन जुनं झालंय. कोपऱ्यात ते पिवळं पडून कडेला सुटत असेल तर विकण्याआधी सांधे नव्यानं भरून घ्या. एवढं पाणी रात्री खालच्यांच्या छतावर उतरलं तर व्यवहार राहिला बाजूला, सोसायटीत तोंड दाखवायची सोय राहणार नाही. पंप आणि दिव्याच्या वायरी प्लगपर्यंत जाण्याआधी खाली झुकलेल्या असाव्यात, म्हणजे ओघळ सॉकेटमध्ये जात नाही. त्या लाइनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असावा.

आणि काढायचीच वेळ आली तर भोक बुजवायलाच हवं असं नाही. वर लिंटेल (भोकावरची आडवी काँक्रीटची पट्टी) असेल तर तिथं दोन्हीकडून उघडं पुस्तकांचं कपाट छान होतं. बुजवायचं ठरलं तर सिपोरेक्सचे (सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक वापरा, विटेपेक्षा हलके पडतात.

साठेखत

करारापुरतं सांगते. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ८. घर विकताना वेगळं काही ठरलेलं नसेल तर घरात कायमच्या वापरासाठी बसवलेल्या वस्तूही त्याबरोबर जातात. भिंतीत बांधलेली टाकी त्यात येते असा दावा सहज करता येतो. मासे, फिल्टर, हीटर हे मात्र जंगम. म्हणून विसार घेण्याआधीच यादी करा: काय राहणार, काय तुम्ही नेणार. ती साठेखताला (विक्रीआधीच्या कराराला) परिशिष्ट म्हणून जोडा, दोघांच्या सह्या घ्या. कलम ५५ प्रमाणे तुम्हाला माहीत असलेला आणि समोरच्याला साध्या पाहणीत न दिसणारा मोठा दोष सांगणं तुमच्यावर बंधनकारक आहे. पूर्वी कधी गळती झाली असेल तर दुरुस्तीसकट लिहा.

चित्रा_कर्वेनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. टिश्यू फिरवला, कोरडा निघाला. खालच्या वहिनींकडेही जाऊन आले, टाकीखाली बीम आहे. आम्ही ठरवलंय, टाकी ठेवायची आणि लोच आमच्याबरोबर न्यायचे. नाशिकपर्यंत पाच तास तरी लागतील. कसे न्यायचे?

विटा_वाळू_पाणी

चौघांना एकत्रच न्या, हा मासा घोळक्यात राहणारा आहे. निघण्याआधी दोन दिवस खाणं बंद. पिशवीत घालू नका. लोचच्या डोळ्याखाली काटा असतो, घाबरला की तो बाहेर काढतो आणि पिशवी फाटते, जाळीतही अडकतो. झाकणाची मोठी बादली घ्या, टाकीतलंच पाणी निम्म्यापर्यंत भरा, बॅटरीवरचा एअर पंप लावा, बादली थर्मोकोलच्या खोक्यात ठेवा. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीच्या पाण्यात भिजलेलाच न्या. अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात असतात, ते वाचले तर नव्या टाकीत मासे वाचतात. नाशिकची टाकी आधीच भरून, पाण्यातलं क्लोरीन मारून, हीटर २७ अंशांवर लावून ठेवायला लेकीला सांगा. लोचला गारठ्यानं पांढऱ्या ठिपक्यांचा रोग पटकन होतो, त्यामुळे शक्यतो थंडीच्या आत हलवा.

आणि टाकी घेणाऱ्याला एक कागद लिहून द्या: पाणी किती आणि कधी बदलायचं, खाणं किती. उरलेले मासे त्याला नको असतील तर ओळखीच्या दुकानात द्या, नदीत मात्र सोडू देऊ नका. असे सोडलेले सकर मासे उजनी धरणात मासेमारांची जाळी फाडतायत.