रेंगाळणे की घुटमळणे?

पेठकर : आमच्या मंडळाच्या दिवाळी हस्तलिखितात यंदा एक खोटी घटनादुरुस्ती टाकतोय. मसुदा असा :

'अनुच्छेद २२-क. कोणीही इसम सार्वजनिक ठिकाणी विनाकारण रेंगाळताना आढळल्यास, व त्याचा चेहरा अंमलदारास न पटल्यास, त्यास ताब्यात घेता येईल. कारण मागाहून सवडीने ठरविण्यात येईल.'

इथं 'रेंगाळणे' बरोबर की 'घुटमळणे'?

मास्तर : दोन्ही एक नव्हेत. घुटमळणाऱ्याला काहीतरी हवं असतं, पण पाय पुढं पडत नाही. उसने पैसे मागायला आलेला दारात घुटमळतो. रेंगाळणाऱ्याला काहीच नको असतं. मिसळ संपली तरी कटाची आणखी एक वाटी घेऊन बसलेला गडी रेंगाळतो. मांजर पायात घुटमळतं, चव जिभेवर रेंगाळते. खटलेही रेंगाळतात, पण त्यांना कोणी ताब्यात घेत नाही. 'रेंगाळणे'च ठेवा. संध्याकाळी निम्मं कोल्हापूर रंकाळ्यावर तेच करत असतं, कलमाला गिऱ्हाईक कमी पडणार नाही.

निवृत्त हवालदार : 'आढळल्यास' खोडा. पोलिसी मराठीत माणूस आढळत नाही, 'मिळून येतो'. 'सदर इसम संशयितरीत्या मिळून आला, त्यास विचारपूस करता उडवाउडवीची उत्तरे दिली.' आता आपल्याकडं रात्री कुणालाही विचारा, "हितं काय करालायस?" उत्तर एकच, "काय न्हाई, उगंच." बिचारा खरं सांगत असतो, पण कागदावर ती उडवाउडवीच होते.

वकीलबाई : थट्टा म्हणून ठीक, पण रेंगाळणं कायद्यात आधीच आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम १२२. तिथं मात्र वेळ सूर्यास्त ते सूर्योदय, रेंगाळणारा चोर म्हणून ख्यात असावा लागतो आणि त्याला समाधानकारक खुलासा देता आलेला नसावा. तुम्ही ह्या तिन्ही अटी उडवल्यात! माझी हरकत 'रेंगाळणे'ला नाही, 'सवडीने'ला आहे. खऱ्या अनुच्छेद २२ प्रमाणे अटकेचं कारण सांगावं लागतं आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढं उभं करावं लागतं. प्रतिबंधक स्थानबद्धतेला, म्हणजे गुन्हा घडण्याआधीच डांबून ठेवण्याला, ही २४ तासांची अट नाही, म्हणजे सवड काढायची सोय मुळातच ठेवलेली आहे.

मास्तर : मग 'हजेरी'ही घाला. आज कुणाची हजेरी घेतली म्हणजे झापलं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली ती खरीखुरी होती : जन्मानं अमुक जमातीचा, म्हणून ठरल्या वेळी हजर राहायचं, गाव सोडायचं तर परवानगी काढायची. रेंगाळायला फुरसतच कुठली? शाहू महाराजांनी करवीर संस्थानात ती हजेरी बंद केली. देशभरातून तो कायदा जायला १९५२ उजाडलं.

पेठकर : सुधारित मसुदा : 'कोणीही इसम उगंच मिळून आल्यास...'

वकीलबाई : 'उगंच'ची व्याख्या?

पेठकर : अंमलदार ठरवील ती.

निवृत्त हवालदार : मग आता मंजूर करून टाका.

वकीलबाई : घटनादुरुस्तीची रीत अनुच्छेद ३६८ मध्ये आहे. हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश, शिवाय एकूण सभासदांचं बहुमत.

पेठकर : एकूण सभासदांचं अवघड आहे. वर्गणीच्या धास्तीनं निम्मे बैठकीला येतच नाहीत, बाहेर पानपट्टीवर घुटमळतात.

मास्तर : बरोबर. इथं 'घुटमळतात'च.