‘वाहक’ म्हणजे नेमका कोण? आणि ‘जनुक संपादन’ म्हणजे काय ताब्यात घेणार?

धानपट्टीतला मास्तर
भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिकवतो. १९ जूनला, जागतिक सिकलसेल दिनाला, गावात एकपानी माहितीपत्रक वाटायचं आहे आणि ते लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. दोन शब्दांपाशी गाडी अडली आहे.

पहिला ‘वाहक’. सिकलसेल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. ज्याच्याकडे सिकलसेलचं एक जनुक आहे आणि जोडीचं दुसरं चांगलं आहे, तो वाहक. स्वतः आजारी नसतो. फलकावर, पुस्तिकेत हाच शब्द. मागच्या वर्षी आमच्या दहावीतल्या एका मुलीला शिबिरात तपासलं आणि हातावर चिठ्ठी ठेवली. चिठ्ठीवर एकच शब्द, ‘पॉझिटिव्ह’. सविस्तर तपासणी व्हायला महिना गेला. त्या महिन्यात घरी तिचं ताट वेगळं झालं, पाणी प्यायचा गडवा वेगळा झाला, झोपायची खाट ओसरीत आली. कोरोनात शिकलेलं सगळं तिच्यावर वापरून झालं. शेवटी ती वाहक निघाली. मी मोठ्या आनंदाने सांगायला गेलो, तर आई म्हणते, “वाहक म्हंजे वाहून नेनार नं, गुरुजी? मंग कोनाकोनाले देईल हे?”

दुसरा ‘जनुक संपादन’. पेपरात हल्ली रोज येतो. ग्रामसभेत मी सिकलसेलच्या नव्या उपचाराबद्दल बोलताना तो वापरला. धरणात शेत गेलेले एक आबाजी मागून उठले : “वावर संपादन केलं, घर संपादन केलं. आता रक्तबी संपादन करतेत का?” सभा हसली. मला हसू आलं नाही, कारण आबाजींनी शब्दाचा अर्थ बरोबर लावला होता.

पर्याय सुचवा. शब्दकोशातला नको, गावात बोलता येईल असा हवा.

निवृत्त वाहक
मास्तर, ३१ वर्षं एस.टी.त वाहक होतो, म्हणून अधिकाराने बोलतो. हा शब्द आमच्या बिल्ल्यावर आणि ‘चालक-वाहक’ अशा सरकारी पत्रात असतो. उभ्या नोकरीत एकाही प्रवाशाने मला वाहक म्हणून हाक मारली नाही. “ओ कंडक्टर!” बस्स. आणि आमचं काम काय, तर गर्दीतून वाट काढत प्रत्येकापाशी जायचं, प्रत्येकाच्या हातात काहीतरी द्यायचं. त्या माउलीच्या डोळ्यांपुढे हेच आलं असणार.

पॅथॉलॉजीवाली
चिठ्ठीबद्दल आधी. शिबिरात होते ती सोल्युबिलिटी चाचणी. नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा, थोडं थांबायचं आणि नळीमागे रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. एक पदर आहे की दोन, हे ही चाचणी सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी लागते. म्हणजे ‘पॉझिटिव्ह’ हे उत्तर नाही, पुढच्या तपासणीला जा एवढाच निरोप आहे. चिठ्ठीवर ‘गढूळ आलं, पक्की तपासणी बाकी’ असं लिहिलं असतं तर त्या पोरीची खाट ओसरीत गेली नसती.

आता वाहक. वैद्यकात हा एकच शब्द आपण तिघांना वाटून दिलाय. हिवताप नेणारा डास वाहक. लक्षणं नसताना टायफॉइड पसरवणारा माणूस वाहक. आणि सिकलचं एक जनुक असलेली ही मुलगीही वाहक. पहिले दोघे रोग दुसऱ्याला देतात. तिसरी ताटातून, श्वासातून, स्पर्शातून कोणालाच काही देत नाही. देणं-घेणं फक्त आईबापांकडून पोटच्या लेकरात. शब्द एक ठेवला की लोक तिघांना एका पंगतीत बसवणारच.

आमच्याकडे बोलताना ‘एएस पॅटर्न’ (एक जनुक सिकलचं) आणि ‘एसएस पॅटर्न’ (दोन्ही सिकलची) चालतं. रुग्णही तेच म्हणतात, “मी एएस आहो.”

शब्दवेल्हाळ
मूळ धातू वह्. त्याचं कुटुंब मोठं आहे : वाहन, रक्तवाहिनी, रुग्णवाहिका, शववाहिनी, विजेचा सुवाहक आणि दुर्वाहक. सगळ्यांत एक गोष्ट समान, इकडचं उचलून तिकडे पोचवणं. जनुक बाळगणाऱ्याला मात्र काही पोचवायचं नसतं, ते त्याच्या ठायी असतं. म्हणून ‘वाहक’पेक्षा ‘धारक’ बरा. ‘अंशधारक’ म्हणावं काय?

निवृत्त वाहक
सर, अंशधारक म्हटलं की मला कंपनीचं वार्षिक सभेचं पत्र आठवतं.

शब्दवेल्हाळ
मान्य. मागे घेतो.

आशाताई
मी आशा आहे, गडचिरोलीकडची. आमची बैठक चालू असते तेव्हा पुस्तिका पिशवीतच राहते. मी लुगड्याचा पदर हातात घेते आणि सांगते, प्रत्येकाला रक्ताचे दोन पदर असतात, एक मायचा, एक बापाचा. एका पदरात सिकल असलं तर अंग धडधाकट राह्यते. दोन्ही पदरांत असलं तर दुखणं. एवढं पुरते. “तुमच्या पोरीले एका पदरात हाय” म्हटलं की कोणी ताट वेगळं करत नाही, कारण पदर कोणाला लागत नसतो.

पॅथॉलॉजीवाल्या ताईंनीही वर पदरच म्हटलं, त्यांना कळलंही नसेल.

पॅथॉलॉजीवाली
खरंच की! हात जोडले, ताई.

धानपट्टीतला मास्तर
‘एका पदरात’ हे मला फार आवडलं. मराठीत ‘पदरी पडलं’ म्हणजे नशिबाने वाट्याला आलं, त्यात ज्याच्या पदरी पडलं त्याचा दोष नसतो. (‘पदरी पडलं पवित्र झालं’ ही म्हण मात्र पत्रकात घालणार नाही. त्या म्हणीने पुष्कळ बायांना गप्प बसवलं आहे.)

दोष आठवला. ‘सदोष जनुक’ लिहू का?

पॅथॉलॉजीवाली
नका लिहू. बदल आहे एवढं खरं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. एवढ्याशा बदलाने प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पण ज्याच्या एकाच पदरात हा बदल आहे, त्याला हिवतापाचा घातक प्रकार त्रास कमी देतो. म्हणूनच तो हिवतापाच्या मुलखात टिकला, आपल्या जंगलपट्टीतही. एका पदरात जे राखणदार, ते दोन्ही पदरांत आलं की वैरी. त्याला नुसतं सदोष कसं म्हणायचं?

वरुडचा संत्रेवाला
विळा नाही जी, आमच्या वऱ्हाडात इया. ळ चा य करतो आम्ही. आन् पुण्याकडं ज्याले विळी म्हन्तेत ते आमच्याकडं पावशी.

पन मी आलो ते संपादनासाठी. ‘जनुक दुरुस्ती’ म्हना नं सरळ! बिघडलं होतं, दुरुस्त केलं. मोटर दुरुस्त करतो तसं.

पॅथॉलॉजीवाली
दादा, मलाही आधी तेच वाटलं होतं. पण इथे तो शब्द खोटा पडतो, आणि का ते जरा सविस्तर सांगते.

क्रिस्पर म्हणजे जनुक नेमक्या जागी कापायचं तंत्र. सिकलसेलसाठीचा पहिला क्रिस्पर उपचार, कॅसजेव्ही, ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केला, अमेरिकेने ८ डिसेंबर २०२३ ला. त्यात बिघडलेल्या जनुकाला हातच लावत नाहीत. आईच्या पोटात बाळाचं हिमोग्लोबिन वेगळ्या जातीचं असतं आणि ते वाकत नाही. जन्मानंतर काही महिन्यांत ते बनणं जवळजवळ बंद होतं. (म्हणून तर सिकलचं बाळ पहिले पाच-सहा महिने बरं दिसतं.) ते बंद ठेवणारं एक जनुक आहे, बीसीएल-११-ए. रुग्णाच्या रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी शरीराबाहेर काढतात, त्यांत या जनुकाचा खटका नेमक्या जागी कापतात आणि पेशी परत सोडतात. खटका गेला की बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू. सिकलचं जनुक जिथे होतं तिथेच, जसं होतं तसंच राहतं.

मग याला दुरुस्ती म्हणाल?

वरुडचा संत्रेवाला
थांबा ताई. हे तं तुरीचे शेंडे खुडनं झालं!

तुरीचा मेन शेंडा आहे तोवर तो बाजूच्या फांद्या दाबून ठेवते. तूर दीड महिन्याची झाली की आमी शेंडा खुडतो. खुडला की खालून, बगलेतून फुटवे. शेंग त्या फुटव्यांवर. झाड तेच, बी तेच, दाबनारा गेला म्हनून दबलेलं वर आलं. तुमचं ते बीसीएल म्हंजे शेंडा. बाळपनचं रक्त म्हंजे बगलफूट.

पॅथॉलॉजीवाली
दादा, हे उदाहरण मी उद्यापासून वापरणार. तुमच्या परवानगीने.

निवृत्त वाहक
शेतकऱ्याची परवानगी कोण मागतं आजकाल? संपादनच करतात.

शब्दवेल्हाळ
हसून झालं असेल तर संपादनाची बाजू मांडतो. सम् + पद्, त्यातून ‘मिळवणं, सिद्धीस नेणं’ हा जुना अर्थ. विश्वास संपादन करणं, यश संपादन करणं, भूसंपादन, हे त्याच अर्थाचे. मजकूर नीट करून छापायला सिद्ध करणारा ‘संपादक’ पुढचा. शहरातल्या वाचकाला आधी संपादक आठवतो, खेड्यातल्याला आधी भूसंपादन अधिकारी. शब्द चुकीचा नाही. तो कोणाच्या दारात उभा आहे, त्यावर त्याचा अर्थ ठरतो.

आणि छापील मजकुरातून तो काढून टाकू नका, कारण कायद्याची आणि बियाण्याची भाषा त्यावर उभी राहते आहे. मे २०२५ मध्ये दोन जनुक-संपादित धान वाण जाहीर झाले, डीआरआर धान १०० (कमला) आणि पुसा डीएसटी राईस १. पेपरांनी मात्र काही ठिकाणी ‘जनुकीय सुधारित’ लिहिलं. ते बीटी कापसाला लागू, कारण बीटीत बाहेरच्या जिवाणूचं जनुक घातलेलं आहे. या दोन धानांत परकं जनुक ठेवलेलं नाही, भाताच्या स्वतःच्याच जनुकात फेर केलाय.

धानपट्टीतला मास्तर
सर, एक दुरुस्ती. आमच्याकडे भात ताटात असतो. शेतात असतो तो धान.

त्यातला पुसा डीएसटी हा १०१० पासून केलाय, म्हणजे एमटीयू १०१० हा धानाचा वाण. तो आकडा इथल्या पोराटोरांना पाठ असतो. तेव्हा ‘जनुक-संपादित’ हा शब्द बियाण्याच्या पिशवीवरून गावात येईल, दवाखान्यातून नंतर.

यवतमाळी
जीन म्हणा ना सोपं.

वरुडचा संत्रेवाला
जीन म्हंजे आमच्याकडं कापूस नेतो ते. सरकी वेगळी, रुई वेगळी. “जीनमध्ये बिघाड आहे” म्हटलं तं लोक गाड्या वापस नेतीन.

पॅथॉलॉजीवाली
दुरुस्ती हा शब्द मात्र जपून ठेवा, तो खरा ठरेल अशी जागाही आहे. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांनी एका बाळाची हकिगत प्रसिद्ध केली. यकृताच्या एका दुर्मीळ आनुवंशिक आजारात त्याच्या जनुकातलं एक अक्षर चुकलं होतं. ते अक्षर बदलणारं औषध एकट्या त्या बाळासाठी तयार केलं. ती दुरुस्ती. कॅसजेव्ही ती खुडणी. ‘संपादन’ या एका शब्दात दोन्ही झाकली जातात.

आणि मास्तर, ‘इलाज आला’ असं पत्रकात येऊ देऊ नका. चाचणीत ज्यांचा निकाल मोजता आला त्या ३१ पैकी २९ जणांना सलग वर्षभर तीव्र दुखणं उठलं नाही, हे खरं आहे आणि मोठं आहे. पण आधी तीव्र औषध देऊन हाडांतली जुनी मज्जा रिकामी करावी लागते, आणि अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर लावली. आपल्या आरोग्य केंद्रात आज जे कामाचं आहे ते हायड्रॉक्सीयुरिया हे औषध. तेही गंमत म्हणजे बाळपणीचंच हिमोग्लोबिन वाढवतं, फक्त शेंडा न खुडता.

आशाताई
‘वेदनासंकट’ पण काढा. पुस्तिकेत आहे. आमच्याकडे “दुखणं उठलं” म्हणतात, “हाडं ठणकतात” म्हणतात. संकट म्हटलं की लोक देवाकडे आधी जातात.

आणि ‘चारपैकी एक मूल’ असं लिहू नका. एका घरी पहिलं लेकरू दोन्ही पदरांचं झालं, तर सासू म्हणाली, झालं एक, आता तीन चांगले होतीन. तसं नसते. आईबाप दोघंही एका पदराचे असले तर दर खेपेला नव्याने चारातली एक चिठ्ठी निघते.

निवृत्त वाहक
‘निर्मूलन’ राहिलं. १ जुलै २०२३ ला शहडोलहून सुरू झालेलं अभियान सिकलसेल ‘निर्मूलन’ म्हणतं, २०४७ पर्यंत. क्षयाला आणि हत्तीरोगाला मात्र आपण ‘दुरीकरण’ म्हणतो. देवीचं झालं ते निर्मूलन, तो रोग एकाकडून दुसऱ्याला लागायचा, गेला. इथे मूळ माणसाच्या रक्तातच आहे. मूळ उपटायचं म्हणजे कोणाला?

शब्दवेल्हाळ
दुरीकरण बरं. पण बॅनर छापून आले असतील.

धानपट्टीतला मास्तर
छापून आले, निर्मूलनासकट. पत्रक तेवढं माझ्या हातात आहे. काल रात्री असं लिहिलं :

“रक्ताचे दोन पदर. एक आईचा, एक बापाचा. एका पदरात सिकल असेल (एएस) तर तुम्ही आजारी नाही, आणि तुमच्यापासून कोणाला काही लागत नाही. दोन्ही पदरांत असेल (एसएस) तर दुखणं उठतं, गोळ्या नियमित घ्या. चिठ्ठीवर ‘पॉझिटिव्ह’ आलं तर पक्की तपासणी बाकी आहे. लग्नाआधी दोघांनी तपासून घ्या. दोघंही एका पदराचे असाल तर दर खेपेला चारातली एक चिठ्ठी दोन्ही पदरांची.”

‘वाहक’ शब्द कंसात, तोही एकदाच, कारण दवाखान्याच्या कागदावर तोच भेटणार. नव्या उपचाराबद्दल दोन ओळी, तुरीच्या शेंड्यासकट. त्या आबाजींना वाचून दाखवल्या. म्हणाले, “हे समजलं. पन शेंडा खुडाले बावीस लाख? तेबी डॉलर?”

वरुडचा संत्रेवाला
मजुरी वाढलीच आहे जी.