‘थ्री इन्व्हेस्टिगेटर्स’च्या जुन्या पेपरबॅक: कोणती आवृत्ती घ्यावी आणि कशी टिकवावी?

ज्युपिटर_फॅन:
तीन बाल-गुप्तहेरांच्या रहस्यकथांची ही मालिका पुन्हा वाचायला घेतली आहे आणि मूळ ४३ पुस्तकं जुन्या पेपरबॅकमध्येच जमवायची आहेत. रद्दीवाल्यांकडे बहुतेक आर्माडा या ब्रिटिश प्रकाशनाच्या प्रती मिळतात, मधूनच अमेरिकन. काही प्रतींत सिनेदिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक पात्र म्हणून आहे, काहींत त्याच्या जागी हेक्टर सेबॅस्टियन. यातलं मूळ कोणतं? ऑनलाइन घेताना विक्रेत्याला नेमकं काय विचारावं? आणि सुटलेली पानं, कुबट वास यावर घरच्या घरी काय करता येईल?

हिरवं_फाटक:
आधी मजकूर बघा, प्रतीची अवस्था नंतर. ‘द सीक्रेट ऑफ टेरर कॅसल’ १९६४ साली रँडम हाउसने काढलं. लेखक रॉबर्ट आर्थर. हिचकॉकचं फक्त नाव वापरलेलं, लिखाण त्याचं नाही. १९८० मध्ये हिचकॉक गेला आणि ३१व्या पुस्तकापासून सेबॅस्टियन हे काल्पनिक पात्र आलं. म्हणजे ३१ ते ४३ मध्ये सेबॅस्टियनच मूळ. गोची पहिल्या तीस पुस्तकांची आहे. अमेरिकेत पुढच्या आवृत्त्यांमध्ये मजकुरात फेरफार करून हिचकॉकला काढून टाकलं आणि त्या जागी काल्पनिक माणसं घातली.

पहिल्या पुस्तकात हा बदल फारच खटकतो. तिघांचा म्होरक्या ज्युपिटर रोल्स-रॉइसमधून स्टुडिओत शिरतो आणि चेहरा, आवाज हुबेहूब हिचकॉकसारखा करून दाखवतो. ती नक्कल रंगते, कारण तो चेहरा वाचकाच्या डोळ्यांसमोर असतो. काल्पनिक दिग्दर्शकाची नक्कल वाचून काय दिसणार?

मुखपृष्ठावर विसंबू नका. शीर्षकपान, प्रस्तावनेखालचं नाव आणि शेवटचं प्रकरण, या तीन जागा तपासा. शेवटच्या प्रकरणात मुलं बहुधा हिचकॉकला अहवाल द्यायला जातात, त्यामुळे तिथे लगेच कळतं.

सगळी ४३ एकदम जमणार नसतील तर १ ते ९ आणि ११ आधी मिळवा, ही आर्थरची आहेत. (१०वं विल्यम आर्डनचं, म्हणजे डेनिस लिंड्सचं.) कथा सुट्ट्या वाचता येतात, फक्त १लं ७व्याच्या आधी वाचा, कारण तीस दिवसांपुरती मिळालेली रोल्स-रॉइस पुढे कशी टिकली ते ७व्यात कळतं.

रद्दीतला_खजिना:
विक्रेत्याकडून पाच फोटो मागवा: कॉपीराइटचं पान, पाठ समोरून, मलपृष्ठ, शेवटचं छापील पान आणि पुस्तक बंद असताना खालची कड. शेवटच्या पानाचा फोटो सोडू नका. पेपरबॅकचं पहिलं आणि शेवटचं पान सर्वांत आधी गळतं, आणि रहस्यकथेत शेवटचं पान नसणं म्हणजे सगळाच घोळ. खालच्या कडेवर पाण्याची लाट दिसली तर प्रत सोडून द्या. ती लाट दाबून सरळ होत नाही.

आर्माडाच्या कॉपीराइट पानावर ‘फर्स्ट पब्लिश्ड इन आर्माडा’ पुढे साल असतं. ते पहिल्या छपाईचं. तुमच्या हातातली प्रत कितवी, हे त्याखालच्या ‘इम्प्रेशन’च्या ओळीवरून ठरतं. अमेरिकन प्रतीत आकड्यांची रांग असेल तर त्यातला सर्वांत लहान आकडा म्हणजे ती छपाई. तेरा आकडी आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) छापलेला असेल तर ती छपाई जुनी नाहीच. तो २००७ पासून सुरू झाला. हार्परकॉलिन्स हे प्रकाशनाचं नावही १९९०चं, त्यामुळे ते नाव असलेली प्रत ‘सत्तरच्या दशकातली’ म्हणून कुणी खपवत असेल तर घेऊ नका.

कागद_आणि_सरस:
पानं सुटतात त्याचं कारण बांधणीत आहे. शिवण नसते, कापलेल्या पानांच्या कडेला नुसता सरस. तो वाळून ठिसूळ होतो आणि पुस्तक टेबलावर सपाट उघडलं की मधोमध तडकतो. वाचताना काटकोनापेक्षा थोडंच जास्त उघडा.

सुटं पान लावायला ॲसिड-फ्री पीव्हीए (पांढरा) गोंद घ्या. बारीक ब्रशने पानाच्या कडेला जेमतेम १ मिमी पट्टी ओढा, पान आत सरकवून वरची-खालची कड इतर पानांशी जुळवा, दोन्ही बाजूंना बटर पेपर ठेवा आणि पुस्तक बंद करून रात्रभर ३-४ किलो वजनाखाली ठेवा. गोंद जास्त झाला तर शेजारची पानं चिकटतात आणि पुढच्या वेळी तीही फाटतात. सेलोटेप अजिबात नको. त्याचा चिकटा कागदात मुरून पिवळा डाग कायमचा राहतो.

वासासाठी: झाकणाच्या डब्यात तळाशी वाटीभर खाण्याचा सोडा, वर जाळी, जाळीवर पुस्तक किंचित उघडं उभं. एक-दोन आठवडे. सोडा पानांवर भुरभुरवू नका. डांबराच्या गोळ्यांचा वास मूळ वासापेक्षा चिवट असतो, त्या टाळा.

ज्युपिटर_फॅन:
कसर लागलेली एक प्रत आहे. ती बाकीच्यांत ठेवावी का? आणि मुखपृष्ठावरचा किमतीचा स्टिकर कसा काढू?

कागद_आणि_सरस:
आधी वेगळी ठेवा. झिप पिशवीत घालून, हवा दाबून काढून, उणे १८ अंशाच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका, नाहीतर दव थेट कागदावर जमतं. यात कीड मरते, बुरशी मरत नाही. बुरशीची प्रत कोरडी करून मऊ ब्रशने घराबाहेर झटका, मास्क लावून.

स्टिकरला हेअर ड्रायरची मंद ऊब अर्धा मिनिट द्या आणि कोपऱ्यातून अगदी आडवा, सावकाश सोला. वर खेचलात तर मुखपृष्ठाची छपाई सोबत येते. लायब्ररीचा शिक्का मात्र तसाच राहू द्या, खोडताना कागद जातो.

कव्हर पॉलिप्रॉपिलीनचं घ्या. पीव्हीसीचं काही वर्षांत चिकट होऊन छपाई उचलतं. पावसाळ्यात पुस्तकं बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, मागे दोन बोटं जागा सोडा. कपाटातली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर गेली की बुरशीला वाव मिळतो. छोटा हायग्रोमीटर आत ठेवला की दिसतं.