गाडीतून चिवचिव: पट्टा तर नोव्हेंबरमध्येच बदललाय

कँटनहून (मिशिगन), सोमवारी रात्री

नमस्कार मंडळी,

आपल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर पाडव्याच्या जेवणाचे मेल चालू असताना मध्येच गाडीची तक्रार घेऊन येतेय, माफ करा.

गाडी २०१३ ची आहे, १ लाख १८ हजार मैल झालेत. पहाटे ५.४० ला घरातून निघते, एम-१४ हायवेने ॲन आर्बरला हॉस्पिटलमध्ये, बारा तासांची ड्यूटी करून रात्री परत. ऑक्टोबरपासून बॉनेटखालून चिव-चिव-चिव असा आवाज येतोय. सलग नाही, ठरावीक अंतराने. सिग्नलला उभी असले की अगदी स्पष्ट. ॲक्सिलरेटर दिला की चिवचिव भराभर होते आणि मग इंजिनच्या आवाजात हरवते. गॅरेजवाल्याने नोव्हेंबरमध्ये इंजिनच्या पुढचा, अल्टरनेटर वगैरे फिरवणारा रबरी पट्टा बदलून दिला. तीन आठवडे शांतता, मग पुन्हा तेच. आता तो म्हणतोय पट्टा परत बदलू, सोबत अल्टरनेटरही, म्हणजे गाडीची वीज तयार करणारं यंत्र, बदलू, ९२० डॉलर होतील.

पैशांचं आहेच, पण मला खरी धास्ती वेगळी आहे. पहाटेच्या अंधारात हायवेवर पट्टा तुटला तर काय करायचं? सासऱ्यांच्या ऑपरेशनसाठी नवरा महिनाभर पुण्याला गेलाय, घरी मी आणि दोन मुलं. मंडळात गाड्यांच्या कंपन्यांत काम करणारे इतके जण आहात, कुणी सांगाल का?

ट्रॉयहून, सोमवारी रात्री

ताई, काळजी करू नका. ऑटो पार्ट्सच्या दुकानात पट्ट्यावर मारायचा स्प्रे मिळतो, आठ-दहा डॉलरचा. इंजिन चालू ठेवून पट्ट्याच्या आतल्या बाजूने मारा, आवाज लगेच बंद होतो. माझ्या जुन्या व्हॅनवर दोन वर्षं हेच केलं.

फार्मिंग्टन हिल्सहून, मंगळवारी सकाळी

ताई, नमस्कार.

मी नोकरीची सत्तावीस वर्षं इंजिनाच्या पुढच्या बाजूच्या पट्ट्यांची आणि पुल्यांची, म्हणजे पट्टा ज्यांवरून फिरतो त्या चाकांची, चाचणी करण्यात काढली. बंद खोलीत इंजिन चालू ठेवून दिवसदिवस हेच आवाज ऐकले आहेत. तुम्ही आवाजाचं वर्णन इतकं नेमकं केलंय की अर्धं निदान त्यातच आलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी स्प्रेबद्दल. ट्रॉयच्या मित्राने मनापासून सांगितलंय, पण तो मारू नका. गावाकडे गिरणीवाले पट्टा सरकायला लागला की राळ लावायचे, आणि आपल्याकडच्या गॅरेजात फॅन बेल्टवर साबणाची वडी फिरवलेली मी स्वतः पाहिली आहे. हा स्प्रे म्हणजे त्याचाच धाकटा भाऊ. आवाज दबतो, कारण तसंच राहतं, आणि चिकट थरावर धूळ आणि रस्त्यावरचं मीठ बसून पुलीच्या खाचा भरतात. शिवाय एकदा तो मारला की पुढची कुठलीच तपासणी खरं सांगत नाही.

आता आवाज. पट्ट्याचे दोन मुख्य आवाज असतात आणि ते वेगळे ओळखणं फार महत्त्वाचं. एक लांब, सलग किंचाळणं. ते पट्टा पुलीवर घसरतो तेव्हा येतं, म्हणजे ताण कमी पडतोय किंवा एखादी पुली जड फिरतेय. गाडी सुरू केल्या केल्या येतं, कारण तेव्हा अल्टरनेटर बॅटरी भरत असतो आणि त्याचा पट्ट्यावर भार जास्त असतो. हेडलाइट, मागच्या काचेचा हीटर आणि ब्लोअर एकदम लावला तर वाढतं. दुसरा आवाज तुमचा: तुटक, तालात येणारी चिवचिव. ती बहुतेक वेळा पुल्या एका रेषेत नसल्याची खूण असते.

का, ते सांगतो. तुमच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला लांबीभर सहा रिब, म्हणजे उंच रेघा, असतील, एकीपासून दुसरी ३.५६ मिलिमीटरवर. पुलीवर तशाच खाचा. पुली किंचित जरी तिरकी किंवा पुढेमागे असेल, तर रिब खाचेत सरळ उतरत नाही, बाजूच्या भिंतीला घासत, अडकत, सुटत उतरते. त्या अडकण्या-सुटण्याचा हा आवाज. नव्या पट्ट्याचं रबर ताजं असतं, ते काही दिवस सांभाळून घेतं. कडा घासून गुळगुळीत झाल्या की तक्रार पुन्हा सुरू. तुमचे तीन आठवडे तिथेच गेले. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं झालंय. पट्टा ओरडतोय म्हणून दर वेळी पट्ट्यालाच बदलून कसं चालेल?

आणखी एक. जुने मेकॅनिक पट्ट्यावरच्या भेगा मोजायचे, इंचात तीनपेक्षा जास्त दिसल्या की बदल. जुन्या निओप्रीन रबराच्या पट्ट्यांना ते बरोबर होतं. २००० च्या आसपासपासून गाड्यांत ईपीडीएम नावाचं रबर आलं, त्याला भेगा सहसा पडतच नाहीत. ते टायरसारखं झिजतं, रिबमधली दरी रुंद होत जाते. त्यामुळे ‘भेगा नाहीत म्हणजे पट्टा चांगला’ हा निष्कर्ष आता चालत नाही. तुमचा चार महिन्यांचा आहे, झिजलेला नसावा, पण कडा बघायच्या आहेत.

पाण्याची तपासणी करा. इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर पाणी मारायची बाटली पुरे, साधं पाणी. दुपारी, उजेडात. गाडी पार्कमध्ये, हँडब्रेक लावून, इंजिन चालू. ओढणी, मफलर, मोकळे केस, गळ्यातली साखळी, सैल बाही, यातलं काहीही बॉनेटजवळ नको, आणि मुलांना घरात ठेवा. हात पट्ट्यापासून लांब ठेवून रिबच्या बाजूवर दोन-तीन फवारे मारा आणि ऐका. आवाज वाढला तर ताणाचा दोष. आवाज गेला आणि मिनिटा-दोन मिनिटांत पट्टा सुकल्यावर परत आला तर रेषेचा दोष. काहीच फरक पडला नाही तर आवाज पट्ट्याचा नाही, कुठल्या तरी पुलीचं बेअरिंग बघावं लागेल. अल्टरनेटरवर आत्ताच शंभराच्या नोटा लावू नका.

आणि तुमची धास्ती. पट्टा तुटलाच तर आधी बॅटरीचा लाल दिवा लागेल. बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंपही याच पट्ट्यावर चालतो, मग तापमानाचा काटा चढू लागतो. स्टिअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं, असेल तर ते एकदम जड होतं, पण वळतं. घट्ट धरून ठेवायचं. इंडिकेटर द्या, शोल्डरवर घ्या, इंजिन बंद करा, हझार्ड लावा आणि मदत बोलवा. पुढच्या एक्झिटपर्यंत रेटू नका, तेवढ्यातही इंजिन तापून खराब होऊ शकतं. रात्री किती वाजले आहेत हे न बघता मला फोन करायचा. नंबर वेगळ्या मेलने पाठवलाय.

कँटनहून, बुधवारी दुपारी

काका, तुमचा मेल काल ब्रेकमध्ये दोनदा वाचला. आज सुट्टी होती, लगेच केलं. फवारा मारला आणि आवाज एकदम बंद. मी तशीच उभी राहिले. दीड मिनिटाने एक चिव, मग दुसरी, मग पुन्हा पूर्वीसारखी. तीनदा केलं, तिन्ही वेळा तसंच. म्हणजे रेषेचा दोष ना?

हेडलाइट, हीटर, ब्लोअर सगळं लावूनही पाहिलं, काही फरक नाही. इंजिन बंद करून टॉर्चने बघितलं तर पट्ट्याच्या पुढच्या कडेला बारीक धाग्यांची लव दिसतेय आणि आजूबाजूला काळी भुकटी पडलीय.

आणि काका, मला अहो-जाहो नको. तुम्ही माझ्या बाबांच्या वयाचे.

फार्मिंग्टन हिल्सहून, बुधवारी संध्याकाळी

शाब्बास! त्या धाग्यांनी सगळं सांगितलं. पट्टा कुठल्या तरी पुलीच्या कडेवर चढून कापला जातोय. चार महिन्यांच्या पट्ट्याची कड अशी होत नाही.

आता संशयित तीन. क्रँकची पुली, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्यावरची: तिच्या दोन कड्यांमध्ये रबराचा थर असतो, तो म्हातारा झाला की बाहेरचं कडं डोलायला लागतं. आयडलर पुली, म्हणजे पट्ट्याला नुसती वाट देणारी: बेअरिंग सैल झालं तर कलते. आणि टेन्शनर, म्हणजे पट्टा ताणून धरणारा भाग. या मैलांवर माझा पहिला संशय टेन्शनरवर. पट्टा ताणून धरणाऱ्या स्प्रिंगच्या दांड्याला बुडाशी एक बुश, म्हणजे आतलं अस्तराचं कडं, असतं. ते दर सेकंदाला हिंदकळे खाऊन झिजतं, मग दांडा एका बाजूला कलतो आणि त्याच्या टोकाची पुलीही. बाहेरून बघणाऱ्याला स्प्रिंग घट्ट लागते, म्हणून गॅरेजवाले तो पास करून टाकतात.

शनिवारी मी आलो असतो, पण गुडघ्यामुळे वाकता येत नाही. ॲन आर्बरला मेकॅनिकल शिकणारा आपला एक मुलगा आहे, गणपतीत मखराचा सांगाडा त्यानेच केला होता. तू वाचत असशील तर जाशील का रे? व्हिडिओ कॉलवर मी असेन.

ॲन आर्बरहून, बुधवारी रात्री

हो काका, नक्की. शनिवारी दहा वाजता पोहोचतो. लांब दांड्याचा पाना आणि एक सरळ स्टीलची पट्टी आणतो. आणखी काही?

फार्मिंग्टन हिल्सहून, बुधवारी रात्री

मोबाईल. पट्टा काढायच्या आधी त्याची वाट कशी आहे याचा फोटो काढ. बॉनेटखाली आकृतीचा स्टिकर असतो, पण इतक्या वर्षांत फिका पडलेला असेल. आणि किल्ली इग्निशनमधून काढून ताईच्या खिशात. रेडिएटरचा विजेवरचा पंखा इंजिन बंद असतानाही कधी कधी आपोआप सुरू होतो.

ॲन आर्बरहून, शनिवारी दुपारी

सगळ्यांसाठी लिहितोय, म्हणजे पुढे कुणाला उपयोगी पडेल.

आधी इंजिन चालू ठेवून लांबून टेन्शनरचा दांडा बघितला. काका म्हणाले होते तो थोडा थरथरतो तेवढं चालतं, पण हा चांगला बोटभर मागेपुढे हलत होता. इंजिन बंद करून पाना लावला आणि दांडा हळूहळू फिरवला. मध्ये एका जागी अडकून ‘कट्’ करून सुटला. मग पट्टा उतरवला. आयडलर हाताने फिरवला, आवाज नाही, खडखड नाही. अल्टरनेटरची पुली एका बाजूला मोकळी फिरते, दुसरीकडे धरते, म्हणजे तिच्यातला एकदिशा क्लच ठीक आहे. पाण्याचा पंप कोरडा, कूलंटचा डाग कुठेही नाही.

शेवटी टेन्शनरची पुली दोन बोटांत धरून वर-खाली हलवली. बेअरिंग घट्ट, पण अख्खा दांडाच पुढच्या बाजूला डुगडुगला. स्टीलची पट्टी क्रँकच्या पुलीवर टेकवून बघितलं तर टेन्शनरची पुली पुढे कललेली डोळ्यांना दिसत होती. व्हिडिओवर काका एवढंच म्हणाले, “तोच. झाकून ठेव आणि दुकानात जा.”

टेन्शनर ८६ डॉलर, पट्टा ३४. पट्टाही बदलला, कारण कापलेली कड परत भरत नाही. खाचा कोरड्या ब्रशने साफ केल्या. नवा पट्टा चढवताना अल्टरनेटरवर तो एक रिब सरकून बसला होता, पुढची खाच रिकामी आणि मागे एक रिब हवेत. मला कळलंच नाही. काकांनी कॅमेरा जवळ न्यायला सांगितलं आणि पकडलं. तसंच चालू केलं असतं तर पुन्हा चिवचिव, आणि आम्ही नव्या टेन्शनरला दोष देत बसलो असतो.

ताईंनी इंजिन सुरू केलं. फक्त इंजिनाचा आवाज.

ट्रॉयहून, शनिवारी संध्याकाळी

काका, स्प्रेचं मी मागे घेतो. माझ्या व्हॅनचा अल्टरनेटर दुसऱ्या वर्षी गेला होता, बेअरिंग धरलं म्हणाले. ते स्प्रेमुळे असेल का?

फार्मिंग्टन हिल्सहून, शनिवारी संध्याकाळी

स्प्रेने बेअरिंग सहसा जात नाही. पण तुमचा आवाज कदाचित त्याच बेअरिंगचा असेल. पुली जड फिरत असेल, पट्टा तिच्यावर घसरत असेल, आणि स्प्रेने ती ओरड दोन वर्षं झाकली. तुम्ही कुठल्याही वाईट हेतूने सांगितलं नव्हतं, हे इथे सगळ्यांना माहीत आहे.

कँटनहून, मंगळवारी रात्री

तीन दिवस ये-जा केली. काल पहाटे उणे सहा होतं, तरीही आवाज नाही. सिग्नलला थांबल्यावर सवयीने कान टवकारते आणि मग आठवतं. नवऱ्याला पुण्याला फोनवर इंजिनाचा आवाज ऐकवला. सासऱ्यांनाही बरं आहे.

गॅरेजमध्ये परत गेले नाही. कँटन, नोव्हाय, प्लिमथ परिसरात आधी ऐकून, तपासून मग पार्ट बदलणारा मेकॅनिक कुणाला माहीत असेल तर नंबर मला वेगळा पाठवा.

काका, तुम्ही म्हणालात तसा जुना टेन्शनर फेकला नाही. पाडव्याला श्रीखंडाच्या डब्यासोबत घेऊन येते. मराठी शाळेच्या मुलांना तो डुगडुगणारा दांडा हातात धरून बघता येईल. धाकट्याने तो आधीच वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रंकमध्ये ठेवलाय, आणि तिथे कुणालाही हात लावू देत नाहीये.